टंचाई खिशातली आणि डोक्यातली

"यांच्या हातात पैसा टिकतच नाही हो!" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं आहे. खरं सांगायचं, तर बोललोही आहोत. कामाच्या बाईंनी तिसऱ्यांदा उचल मागितली, गावाकडच्या चुलतभावानं पुन्हा सावकाराचं दार गाठलं, की आपला निकाल तयार असतो. विचार करत नाहीत, पुढचं बघत नाहीत, म्हणून ही वेळ येते. म्हणजे आधी अविचार आणि मग गरिबी, असा क्रम आपण मनाशी पक्का केलेला असतो. आज मला या क्रमाविषयीच थोडं बोलायचं आहे.

श्रोतेहो, हा क्रम उलटा तर नसेल? हे तपासायचं कसं, हा मोठा पेच होता. श्रीमंत माणूस आणि गरीब माणूस यांची तुलना करून काही हाती लागत नाही, कारण दोघांचं शिक्षण वेगळं, घर वेगळं, खाणंपिणं वेगळं. एकच माणूस काही महिने गरीब आणि काही महिने बऱ्या स्थितीत, असा हवा. असा माणूस कुठे सापडेल? आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल: उसाच्या फडात.

सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर, आनंदी मणी आणि जियाइंग झाओ या चार संशोधकांनी नेमका तोच माणूस निवडला. तमिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी त्यांनी घेतले. उसाचा पैसा वर्षातून एकदाच एकरकमी येतो. तोडणीनंतर हात मोकळा, आणि पुढच्या तोडणीच्या आधीचे महिने ओढाताणीचे. शिवाय कारखाना सगळ्यांचा ऊस एकाच वेळी नेत नाही. तोड पाळीपाळीनं येते. त्यामुळे एकाच महिन्यात एका शेतकऱ्याच्या हातात पैसा आलेला असतो आणि शेजारचा अजून वाट बघत असतो. म्हणजे फरक दिसला, तर तो ऋतूचा किंवा सणावाराचा म्हणून झटकता येत नाही. तोडीसाठी चिटबॉयच्या मागं फिरलेल्या आपल्या शेतकऱ्याला या पाळीचा मनस्तापच ठाऊक आहे. संशोधकांना मात्र ती सोन्यासारखी वाटली असणार.

तोडणीच्या आधी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, नंतर अवघ्या ४ टक्क्यांनी. यावरून ओढाताण किती होती ते कळतं. मग दोन्ही वेळा त्यांना चित्रकोडी सोडवायला दिली. एका नक्षीतला तुकडा गाळलेला असतो, तो कोणता ते ओळखायचं. यात शाळेत शिकलेलं काही लागत नाही. दुसरी चाचणी लक्ष ताब्यात ठेवण्याची होती. कागदावर ५ हा आकडा तीनदा लिहिलेला आहे. "पाच" म्हणायचं नाही, "तीन" म्हणायचं. करून बघा, जीभ घसरते.

निकाल असा, की तोच शेतकरी तोडणीच्या आधी कमी कोडी सोडवत होता, जास्त अडखळत होता, जास्त चुकत होता. पैसा आल्यावर त्याची बुद्धी जणू परत आली. मधल्या काळात तो काही शिकला नव्हता.

हे संशोधन २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं. त्यातला दुसरा प्रयोग अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मॉलमधला. येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं: तुमची मोटार बिघडली आहे, दुरुस्तीला १५० डॉलर लागतील, काय कराल? काहींना रक्कम सांगितली १५०० डॉलर. उत्तर मनात घोळत असतानाच तीच चित्रकोडी दिली. रक्कम लहान असताना गरीब आणि सधन दोघेही सारखेच. रक्कम मोठी झाली तेव्हा सधन तसेच राहिले, गरीब मात्र घसरले. प्रत्यक्षात एक पैसाही खर्च व्हायचा नव्हता. नुसती आठवण पुरली. ही घसरण बुद्ध्यांकाच्या सुमारे १३ गुणांएवढी, म्हणजे रात्रभर जागरण केल्यासारखी, असा संशोधकांचा अंदाज.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ साली अमेरिकेतच पगाराच्या आधी आणि नंतर अशी तुलना झाली, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. टंचाईविषयीचे इतर काही प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा सगळे तसेच्या तसे उतरले नाहीत. म्हणून "गरिबीनं बुद्ध्यांक इतक्या गुणांनी उतरतो" असं छापील वाक्य मी तरी डोळे मिटून मान्य करणार नाही. आठ दिवसांवर आलेला पगार आणि वर्षातून एकदा येणारं उसाचं बिल यांत फरक आहेच. पण मूळ मुद्दा मला पटतो. दवाखान्यात कुणी आजारी असताना आपण गॅस चालू ठेवून बाहेर पडतो, त्या दिवशी आपण मूर्ख नसतो. डोकं दुसरीकडे गुंतलेलं असतं. काहींचं डोकं वर्षातले आठ महिने असं गुंतलेलं असतं, इतकंच.

हे मान्य केलं, तर प्रश्न वेळेचा होतो. केनियाच्या पश्चिम भागातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना खताचा फायदा माहीत होता, घ्यायची इच्छाही होती. पण पेरणीच्या वेळी हातात पैसा नसे. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी एवढंच केलं, की पीक घरात येताच शेतकऱ्याला खताची चिठ्ठी विकत दिली आणि खत पुढे घरपोच, तेही फुकट पोहोचवलं. किमतीत सूट नाही. तरी खत घेणारे लक्षणीय वाढले. नंतर ऐन हंगामात अर्ध्या किमतीत खत देऊन जेवढा परिणाम झाला, जवळजवळ तेवढाच. २०११ साली हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे मात्र शाळेची फी, पुस्तकं, गणवेश आणि खरिपाचं बियाणं, सगळं एकाच जून महिन्यात येऊन पडतं. पीक कर्जाच्या कागदांसाठी हेलपाटे घालायचे तेही त्याच सुमारास. कारखान्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो लांबला, की आपण फक्त व्याजाचा हिशेब मांडतो. त्या लांबलेल्या दिवसांत घेतलेल्या निर्णयांचा हिशेब कुणी मांडत नाही.

आमच्या ओळखीच्या एक बाई वस्तीत भिशी चालवतात. पगार होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या दारोदार जाऊन पैसे गोळा करतात. एवढी घाई का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दहा तारखेनंतर गेलं तर माणसं तीच असतात ताई, पण बोलणं वेगळं असतं."