वेदीजवळचे मदतनीस

मिस्सा धर्मगुरू अर्पण करतात; पण द्राक्षारस आणि पाण्याच्या सुरया आणून देणं, त्यांच्या हातांवर पाणी घालणं, पवित्र भाकर उंचावली जाताच घंटी वाजवणं ही कामं वेदीसेवकांची.

१९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी पौरोहित्याच्या वाटेवरच्या जुन्या कनिष्ठ पायऱ्या रद्द करून वाचक आणि वेदीसेवक या दोनच सेवा ठेवल्या. बिशपांची संमती असेल तिथे मुलींनाही वेदीसेवा करता येईल, असं व्हॅटिकनने १९९४ मध्ये कळवलं. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोन्ही सेवांची रीतसर नेमणूक स्त्रियांसाठी खुली केली.

धूपासाठीही मदतनीस लागतात: स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला कॅथेड्रलची अवाढव्य धूपदाणी दोरखंडाने झुलवायला तब्बल आठ जण लागतात.