पाया उणे, घातांकही उणे. मग मोठी संख्या कोणती?

नवी मुंबई : जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. त्यामुळे वाशी-खारघरच्या क्लासमध्ये रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांनाही 'बालभारती'च्या सातवीतला घातांकांचा नियम पक्का हवा.

पाया -२/३ घ्या. घातांक २ असेल तर उत्तर ४/९, ३ असेल तर -८/२७. घातांक उणे झाला की अपूर्णांक उलटा होतो. म्हणजे घातांक -२ असताना ९/४ आणि -३ असताना -२७/८.

गल्लत इथेच होते. घातांकातले उणे चिन्ह उत्तराला ऋण करत नाही, ते फक्त अंश आणि छेदाची अदलाबदल करते. पाया ऋण असताना उत्तराचे चिन्ह ठरते ते घातांक सम की विषम यावरून.

आता लहान-मोठेपणा. २७/८ ही ८/२७ पेक्षा मोठी, हे उघड आहे. पण शून्याच्या डावीकडे उलटा कारभार : जितकी लांब, तितकी लहान. म्हणून चढता क्रम -२७/८, -८/२७, ४/९, ९/४ असा लागतो. 'उणे घातांक म्हणजे लहान संख्या' हा शॉर्टकट इथे सम घातांकाला फसतो, विषमला मात्र योगायोगाने जुळतो. पाया -३/२ केला की नेमके उलट!

मोबाइलवर पडताळा घेताना -२/३ ला कंस घालाच. नाहीतर अनेक कॅल्क्युलेटर अॅप फक्त ३ चा वर्ग करतात आणि ४/९ ऐवजी -२/९ दाखवतात.