पुढे डोंगर चालतोय, जरा दमानं घ्या!

महामार्गावर अवाढव्य ओझं घेऊन निघालेला ट्रेलर आडवा आला, की मागच्या मोटारवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. हॉर्न वाजू लागतात, डावी-उजवीकडून घुसण्याची धडपड सुरू होते. पण त्या ट्रेलरच्या चालकाला आपली मोटार दिसते तरी का? आणि दिसली, तरी त्याला वेळेत थांबता येतं का?

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्यांना वाहतुकीच्या कोंडीचं कौतुक ते काय! या वसाहतीच्या नावातच दोन रस्ते आहेत, होसूर आणि सर्जापूर. एका अंगाला होसूर रस्ता, म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. दुसऱ्या अंगाला शहराला वळसा घालणारा आउटर रिंग रोड. हे दोन्ही जिथे भेटतात, तो सिल्क बोर्डाचा चौक तर कोंडीसाठी देशभर बदनाम!

पण जून २०१९ मध्ये याच होसूरच्या दिशेने एक पाहुणा बंगळुरूत आला, त्याच्यापुढे सिल्क बोर्डाची कोंडीही किरकोळ वाटावी. हा पाहुणा होता एकसंध दगडातून घडवलेला महाविष्णू. लांबी सुमारे ६४ फूट, रुंदी २६ फूट आणि वजन साडेतीनशे टनांच्या घरात. तामिळनाडूतल्या वंदवासीजवळच्या कोरकोट्टई गावच्या खाणीतून निघालेली ही शिळा एचएसआर लेआउटपासून काही किलोमीटरवर असलेल्या एजीपुऱ्यातल्या कोदंडरामस्वामी मंदिराकडे चालली होती. तिला वाहून नेणाऱ्या ट्रेलरला चाकं होती तब्बल २४०!

एरवी मोटारीने पाच-सहा तासांत उरकणारा हा प्रवास. शिळा २०१८ च्या डिसेंबरात निघाली आणि बंगळुरूत पोहोचायला जून उजाडला! वाटेत टायर फुटले. गावातल्या अरुंद रस्त्यांवर दुकानांचे आणि घरांचे पुढे आलेले भाग काढावे लागले, त्यांची भरपाई द्यावी लागली. होसूरच्या अलीकडे दक्षिण पेन्नार नदीवरचा पूल एवढा भार पेलणार नाही, म्हणून शेजारी मातीचा तात्पुरता रस्ता बांधून शिळा पलीकडे नेण्यात आली. ती बघायला गावोगावी माणसांची झुंबड उडाली. कुणी नारळ फोडले, कुणी हात जोडले.

देवाची मूर्ती म्हटल्यावर लोकांनी सहा महिने कळ काढली. पण त्याच रस्त्यावर एखादा कारखान्याचा बॉयलर किंवा पवनचक्कीचं पातं चाललं असेल, तर आपण सहा मिनिटं तरी थांबतो का?

आपल्याच घरचं ओझं

खरं तर हे ओझं बहुतेक वेळा आपल्याच कामाचं असतं. सिल्क बोर्डावरून जाणारी बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि होसूर रस्त्यावर रोज तासन्‌तास अडकणाऱ्यांना दुसरी वाट मिळाली. या मार्गिकेच्या पहिल्या गाडीचे सहा डबे मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नई बंदरातून हेब्बगोडीच्या कारशेडमध्ये आले ते ट्रेलरवर लादून, रस्त्यानेच. एकेक डबा ३८ टनांहून जड!

महाराष्ट्रातूनही असाच एक विक्रमी प्रवास झाला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी सुमारे ७० टनांचं एक अजस्र यंत्र ७४ चाकांच्या वाहनावरून २०१९ च्या जुलैत निघालं आणि मुक्कामी पोहोचलं २०२० च्या जुलैत. पूर्ण एक वर्ष! अरुंद रस्ते, आडव्या येणाऱ्या विजेच्या तारा यांतून वाट काढत असताना मध्येच टाळेबंदी आली आणि यंत्र वाटेतच अडकून पडलं. सोबतचे तीसएक कामगार दिवसाला जेमतेम चार-पाच किलोमीटर पुढे सरकत होते.

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या आपण सहलीला जाऊन हौसेने पाहतो. त्यांची पातीही घाटाची वळणं घेत अशाच लांबलचक ट्रेलरवरून वर गेली आहेत.

दीड टनाचं गणित

साडेतीनशे टनांची शिळा रस्ता न खचता जाते कशी? उत्तर त्या चाकांतच आहे. ३५० टनांना २४० ने भागा. एका चाकाच्या वाट्याला शिळेचा जेमतेम दीड टन भार येतो. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन वाढतं, ते वेगळं. म्हणजे चाकांची ही फौज ओझं वाटून घेण्यासाठी असते.

अशा ट्रेलरला 'हायड्रॉलिक अॅक्सल' असतात. तेलाच्या दाबावर ते वर-खाली होतात, त्यामुळे खड्डा आला तरी वरचं ओझं समतल राहतं. नुसती पुढचीच नव्हे, तर मागची चाकंही वळवता येतात. पुढे ओढायला 'पुलर' नावाचा ताकदवान ट्रॅक्टर असतो. चढावर कधी एक पुढून ओढतो, दुसरा मागून ढकलतो. सोबत मदतनीस असतात. कुणी वरच्या तारांवर नजर ठेवतो, कुणी चाकांवर, तर कुणी मागच्या वाहनांना हात दाखवतो.

सरकारी नियमानुसार सर्वसाधारण मालमोटारीची रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटरपर्यंत असू शकते. त्याबाहेरचं ओझं न्यायचं, तर खास परवानगी लागते. पुलावर तर नियम आणखी कडक आहेत. ट्रेलरने पुलाच्या मध्यावरून ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने जायचं, त्या वेळी दुसरं वाहन पुलावर नको आणि मध्येच ब्रेक मारायचा नाही. ब्रेकचा झटका पुलाच्या खांबांना बसतो ना! तेव्हा पुलाच्या तोंडाशी तुम्हाला अडवून ठेवलं असेल, तर तो कुणाचा मुजोरपणा नसतो. पूल शाबूत राहावा, म्हणून ती खबरदारी असते.

एका क्षणाची चूक

२१ डिसेंबर २०२४. शनिवारची सकाळ. बंगळुरूत स्थायिक झालेलं एक कुटुंब सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील आपल्या गावी निघालं होतं. मोठी माणसं, मुलं मिळून सहा जण. मोटार भक्कम बांधणीची, महागडी. नेलमंगलजवळ महामार्ग ४८ वर समोरच्या बाजूने येणारा एक अवजड कंटेनर दुभाजक ओलांडून या मोटारीवर उलटला. सहापैकी एकही जण वाचला नाही. आपल्यापुढच्या एका मोटारीचा वेग अचानक कमी झाला आणि तिला वाचवण्यासाठी आपण कंटेनर वळवला, असं चालकाने सांगितल्याच्या बातम्या नंतर आल्या.

या मोटारीचा दोष तो काय? काहीही नाही. म्हणूनच ही घटना प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवायला हवी. अवजड वाहनापुढे कुणी एकाने केलेल्या घाईची किंमत भलत्याच कुणाला मोजावी लागते.

साधा हिशेब करा. ताशी ८० किलोमीटरने जाणारं वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे जातं. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढं अंतर तोडलं जातं. मोटार त्यानंतर लवकर थांबते. भरलेला ट्रेलर मात्र आणखी बराच पुढे जाऊनच थांबतो. त्याने जोरात ब्रेक मारला, तर वरचं ओझं सरकण्याची किंवा ट्रेलर आडवा होण्याची धास्ती असते. म्हणून जाणता चालक आपल्यापुढे मोकळी जागा राखून असतो. आपण ती जागा रिकामी पाहतो आणि आनंदाने तिच्यात घुसतो!

वळणावरचा धोका तर आणखी वेगळा. लांब वाहन वळताना त्याची मागची चाकं आतल्या बाजूला कापत येतात आणि शेपटाकडचा भाग बाहेरच्या बाजूला झुलतो. डावीकडे वळायचं म्हणून चालक आधी उजवीकडे सरकतो. डावीकडे जागा दिसली म्हणून दुचाकीवाला तिथे शिरतो आणि चेंगरतो. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर बंगळुरूतल्या कोगिलू क्रॉसजवळ वळण घेणाऱ्या ट्रेलरवरून मेट्रोच्या पुलाचा काँक्रीटचा प्रचंड भाग घसरला आणि शेजारच्या रिक्षावर पडला. रिक्षाचालकाचा जीव गेला.

इथे दोष मोटारवाल्यांच्या माथी मारता येत नाही. ओझं नीट बांधणं, पुढे-मागे इशारा देणारी गाडी ठेवणं, दिवसा लाल झेंडे आणि रात्री लाल दिवे लावणं ही वाहतूकदाराची जबाबदारी. ट्रेलर बंद पडला, तर अंधारात तसाच सोडून न देणं हीदेखील त्याचीच. वाहनाबाहेर डोकावणारं ओझं परवानगीशिवाय नेलं, तर २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणे २० हजार रुपये दंड आहे. पण दंडाची पावती गेलेला जीव परत आणत नाही. आणि रस्त्यावर आपल्या हाती असतं, ते फक्त आपलं स्टिअरिंग!

एवढं जरूर करा

• ट्रेलरच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं समजा. केबिनच्या अगदी पुढची, डावीकडची आणि ट्रेलरच्या पाठीमागची जागा त्याच्या नजरेआड असते. तिथे रेंगाळू नका.

• मागून जाताना भरपूर अंतर ठेवा. पावसात आणि रात्री त्याहून जास्त.

• ओलांडायचं असेल, तर उजवीकडून, समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसल्यावरच. ओलांडल्यावर लगेच त्याच्यापुढे येऊन वेग कमी करू नका. तो पूर्णपणे आपल्या मागच्या आरशात दिसू लागला, की मगच डावीकडे या.

• ट्रेलर वळत असेल, तर कोणत्याही बाजूने शिरू नका. त्याचं वळण पूर्ण होऊ द्या.

• इशारा देणारी गाडी किंवा लाल झेंडा दाखवणारा माणूस थांबवत असेल, तर थांबा. पुढे काय आहे, ते त्याला दिसतं, तुम्हाला नाही.

• ओझं सुटलेलं किंवा ट्रेलर दिव्यांशिवाय उभा दिसला, तर सुरक्षित जागी थांबून राष्ट्रीय महामार्गासाठीच्या १०३३ किंवा ११२ क्रमांकावर कळवा.

आणखी एक. हे नियम फक्त गाडी चालवणाऱ्यासाठी नाहीत. 'अहो, घ्या ना पुढे, किती वेळ याच्या मागे?' हे वाक्य बहुधा शेजारच्या किंवा मागच्या आसनावरून येतं. तिथून 'जाऊ दे, सावकाश चला' असंही म्हणता येतं.

दिवाळी आली, मे महिन्याची सुट्टी लागली, की बंगळुरूतली कितीतरी मराठी कुटुंबं पहाटेच गाडी काढतात. एचएसआर लेआउटमधून निघून, सिल्क बोर्डाची कोंडी टाळून, तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत कोल्हापूर, सांगली, पुणे गाठायचं असतं. डिकीत मैसूरपाक असतो, मागे पोरं झोपलेली असतात. अशात पुढे एखादा ट्रेलर संथपणे चाललेला दिसतो. त्याच्या केबिनमध्येही कुणाचा तरी बाप बसलेला असतो, घर सोडून कित्येक दिवस झालेला.

त्याच्या मागे दहा मिनिटं गेली, तर जाऊ देत. गावाकडे आजीने चुलीवरचं पाणी तापत ठेवलेलं असतं. ते थोडं अधिक तापेल, एवढंच!