दुर्गा खोटे : रंगभूमी आणि रजतपट

घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावून लोकांसमोर उभे राहावे, ही कल्पनाही ज्या काळी समाजाला सहन होत नव्हती, त्या काळी मुंबईच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील सून बोलपटात आली. त्या म्हणजे दुर्गा खोटे. त्यांचा जन्म 1905 साली लाड कुटुंबात झाला. वडील सॉलिसिटर होते. दुर्गाबाईंचे शिक्षण इंग्रजी शाळेत व पुढे सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात झाले. सासरही संपन्न होते. परंतु पुढे दैव फिरले आणि दोन मुलांच्या या आईला शिकवण्या कराव्या लागल्या.

1931 साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. चित्रपट पडला आणि निंदा मात्र पदरी आली. हा मार्ग तेथेच संपला असता, पण व्ही. शांताराम यांनी त्यांच्यातील गुण हेरले. प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (1932) या बोलपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि दुर्गाबाई तारामती. कालची निंदा कौतुकात बदलली. हा बोलपट मराठीबरोबर हिंदीतही निघाला. जबलपूर-ग्वाल्हेरकडच्या, दोन्ही भाषांत वावरणाऱ्या मराठी कुटुंबांना दुर्गाबाई विशेष आपल्या वाटाव्यात, त्या यामुळेच.

नटांनी मासिक वेतनावर एकाच कंपनीशी बांधून राहावे, अशी तेव्हाची रीत होती. दुर्गाबाईंनी ती मानली नाही. कोल्हापूरला प्रभात आणि कलकत्त्याला न्यू थिएटर्स, अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. 'अमरज्योती'मधील (1936) त्यांची सौदामिनी अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलते. 1937 साली तर 'साथी' या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनी केले.

तथापि कॅमेऱ्यापुढील यशाने त्या संतुष्ट राहिल्या नाहीत. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई गाजली. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट' नाटकातही त्यांनी नायिकेची अवघड भूमिका पेलली. एका पिढीपूर्वी अशा भूमिका पुरुषच करीत, हे ध्यानी घेतले म्हणजे या कार्याचे मोल कळते.

उतारवयात 'मुघल-ए-आझम'मधील (1960) जोधाबाईच्या रूपाने त्या देशभर पोहोचल्या. 1968 साली पद्मश्री आणि 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. 'मी दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मागे ठेवून 1991 साली त्यांनी जगाचा निरोप घेतला.

पोटासाठी धरलेली वाट त्यांनी प्रतिष्ठेची केली. पुढे त्याच वाटेने आलेल्या मुलींना घरच्यांचा विरोध थोडा कमी सोसावा लागला असेल, तर त्याचे श्रेय दुर्गाबाईंनाही आहे.