८० हजार दाण्यांची बॅग

एम्स (आयोवा), एप्रिलचा तिसरा आठवडा

इकडे सध्या कॉफीच्या टेबलावर एकच विषय आहे: जमीन किती तापली? दोन इंच खोलीवर पारा ५० फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या १० अंशांना टेकला आणि पुढचे चार दिवस थंड पावसाचा अंदाज नसला, की मक्याची पेरणी सुरू. तोवर शेतकरी शेडमध्ये यंत्राशी खुडबुड करत बसतो. अशाच एका शेडमध्ये मी रविवारी जाऊन आलो. बून काउंटीतला शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. करतो हजारभर एकर. हाताखाली माणसं किती? मुलगा, आणि पेरणीच्या दिवसांत ट्रक चालवायला येणारा एक शेजारी. म्हणजे सगळी मिळून तीन माणसं. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कोपऱ्यात बियाण्याच्या बॅगा रचलेल्या होत्या. सवयीनं विचारलं, "बॅग किती किलोची?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. बॅग ८० हजारांची असते, ते म्हणाले. म्हणजे ८० हजार दाण्यांची. वजन काय भरेल ते भरेल. मग त्यांनी दोन बॅगा उचलून पाहायला लावल्या. पहिली सोळा किलोच्या आसपास, सहज उचलली. दुसरीनं कमरेची आठवण करून दिली. ती २८ किलोंच्या घरातली होती. वाण एकच, दाण्यांची संख्या एकच. पहिलीच्या चिठ्ठीवर छापलं होतं ‘स्मॉल राउंड’, दुसरीच्या ‘लार्ज राउंड’. बारीक गोल आणि मोठा गोल.

एकाच वाणाचा दाणा इतका वेगवेगळा कसा? उत्तर कणसातच आहे. भाजलेलं कणीस हातात असेल तर आत्ताच बघा. मधले दाणे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी दाबलेले, म्हणून चपटे. देठाकडच्या दाण्यांना एका बाजूनं मोकळी जागा आणि परागही आधी मिळालेले, म्हणून ते मोठे आणि गोलसर. शेंड्याचे सगळ्यांत शेवटी धरतात, तेही गोल, पण बारीक. परागीभवनाच्या वेळी उन्हानं आणि कोरडीनं मार दिला तर कणसात दाणे विरळ भरतात, शेजाऱ्यांची दाटी कमी होते आणि गोल दाण्यांचं प्रमाण वाढतं. गेल्या जुलैतल्या हवेची नोंद ही अशी यंदाच्या बॅगेत सापडते.

बियाणं कंपन्या कणसं दाण्यांसकट वाळवतात, मग सोलून दाणे चाळण्यांवर घालतात. गोल भोकांची चाळणी रुंदी निवडते, लांबट फटींची जाडी. शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत मोठा चपटा, मध्यम चपटा, बारीक चपटा, मोठा गोल, मध्यम गोल, बारीक गोल असे गट पडलेले असतात. वर बुरशीनाशकाचा आणि कीटकनाशकाचा भडक लेप, गुलाबी नाहीतर निळा. हा दाणा चुकूनही खाण्यात जाऊ नये, हे रंगच सांगतो.

ही चाळाचाळ कशासाठी, हे म्हाताऱ्यांनी भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं. खिळ्यांना ओळीनं गोल तबकड्या लटकत होत्या, काही बिडाच्या, काही प्लास्टिकच्या, प्रत्येकीच्या कडेला खाचा. त्यांच्या वडिलांच्या काळात पेरणी यंत्राच्या पेटीत तळाशी ही तबकडी फिरायची आणि एका खाचेत एकच दाणा बसायचा. खाच मोठी आणि दाणा बारीक असला तर दोन शिरायचे. उलट असलं तर खाच रिकामी जायची. म्हणून बॅगेवरच्या चिठ्ठीत तबकडीचा नंबर छापलेला असे. घरचंच बी वापरायच्या दिवसांत तर लोक कणसाचे देठाकडचे आणि शेंड्याचे दाणे बाजूला काढून फक्त मधला पट्टा पेरायचे.

मात्र दाण्याचा आकार आणि कणसाचं उत्पन्न यांचा संबंध नाही. एका वाणाच्या गोल आणि चपट्या दाण्यांत आनुवंशिक गुण तेच असतात. फार थंड, चिकट जमिनीत मोठ्या दाण्याची शिदोरी थोडी जास्त पुरते, तर कोरड्या जमिनीत लहान दाण्याला फुगायला पाणी कमी लागतं. बाकी फरक पडतो तो यंत्रात. रूपाला भुलायची खोड मात्र इथेही जुनीच. शतकापूर्वी आयोवात कणसांच्या सौंदर्यस्पर्धा भरायच्या: सरळ रांगा, एकसारखे दाणे, भरलेला शेंडा. १९०४ मध्ये हेन्री वॉलेस नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं बक्षीसपात्र आणि बेढब कणसांचं बी शेजारीशेजारी लावून उत्पन्न मोजलं. देखणेपणाचा उत्पन्नाशी मेळ बसलाच नाही. याच पोरानं १९२६ मध्ये डे मॉइन इथे संकरित मक्याची कंपनी काढली, तीच पुढे ‘पायोनियर’ झाली. नंतर तो रूझवेल्टचा कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्षही झाला. आपल्याकडच्या कृषिप्रदर्शनांत टेबलावर मांडलेली लांबलचक कणसं बघितली की मला हा पोरगा आठवतो.

आता तबकड्या भिंतीवर राहिल्या. आमच्या म्हाताऱ्यांचं यंत्र हवेच्या ओढीवर चालतं. उभी तबकडी फिरते, एका बाजूनं पंखा हवा खेचतो, प्रत्येक भोकाला एक दाणा चिकटतो. ओढ तुटली की दाणा खाली नळीत पडतो. मोठ्या दाण्याला ओढ जास्त लागते, बारकाला कमी, नाहीतर एका भोकाला दोन-दोन लटकतात. शेजाऱ्याकडे अजून बोटांचं यंत्र आहे. त्यात स्प्रिंगवर चालणारी पोलादी बोटं दाणा चिमटीत धरतात. बारीक गोल दाणा म्हटला की तो कपाळाला आठ्या घालतो, कारण चिमटीत दोन सापडतात. दाणे एकमेकांवर सहज घसरावेत म्हणून पेटीत ग्रॅफाइट किंवा शंखजिऱ्याची पूड मिसळतात. म्हाताऱ्यांचे हात कोपरापर्यंत त्या पुडीनं माखलेले होते, चक्कीवाल्यासारखे.

आता थोडा हिशेब. ओळींत ३० इंच अंतर, एकरी ३४ हजार दाणे. म्हणजे दोन दाण्यांत सहा इंचांहून किंचित जास्त. ट्रॅक्टर ताशी पाच मैलांनी चालला तर प्रत्येक ओळीत सेकंदाला चौदा दाणे सुटे करून टाकायचे, आणि यंत्राला ओळी सोळा. टाळी वाजवायला लागतो तेवढ्या वेळात सव्वादोनशे दाणे, एकावर एक न पडता, एकही न चुकता. म्हणून हिवाळ्यातच यंत्राचे मीटर, म्हणजे दाणे सुटे करणारे भाग, काढून डीलरच्या तपासणी-टेबलावर नेतात, यंदा मिळालेलंच बी त्यात घालतात आणि किती खाडे, किती जोड, ते मोजतात. हव्या त्या आकाराचं बी मागता येतं, पण हव्या त्या वाणात तो आकार मिळेलच असं नाही. शहाणा शेतकरी वाण धरून ठेवतो आणि आकाराप्रमाणे यंत्र जुळवतो.

एवढा आटापिटा का, हे मला समजलं ते त्या तीन माणसांच्या आकड्यावरून. आपल्याकडे मका टोकतात. उगवण झाली की बाया ओळीनं फिरून नांग्या भरतात, जोड रोपं उपटून विरळणी करतात. पेरणीतली चूक आठवड्याभरात हातांनी दुरुस्त होते. इथे हजार एकरांत फिरणार कोण? मका कपाशीसारखा फांद्या फेकून मोकळी जागा भरूनही काढत नाही. नांगी पडली ती पडली. आणि मागाहून उगवलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत तणासारखं वाढतं, खत खातं आणि कणीस धरत नाही. पूर्वी तिफणीमागे चालणाऱ्या बाईच्या मुठीत जो अंदाज असायचा, चाड्यात किती सोडायचं, कुठे हात आवरायचा, तो सगळा इथे तबकडीच्या भोकात आणि पंख्याच्या ओढीत भरावा लागला. यंत्राचं कौतुक मला आहेच. पण माणसं नसल्यामुळे ते इतकं हुशार झालं, हेही खरं.

आपल्याकडेही आता चित्र पालटतंय. सिल्लोड, कन्नड, मालेगाव पट्ट्यात मका वाढला आणि टोकणीला बाया मिळेनात अशी तक्रार दरवर्षी कानावर येते. ट्रॅक्टरची टोकण यंत्रं येताहेत. बियाणं मात्र अजून वजनावर मिळतं: चार किलोची पिशवी, एकरी दोन. इथल्या बारीक गोल दाण्याचं वजन धरलं तर चार किलोंत २० हजार दाणे बसतात, मोठ्या गोलाचं धरलं तर जेमतेम साडेअकरा हजार. भाव तोच, पिशवी तीच. हाताने टोकताना हे खपून जातं, यंत्राला ते खपत नाही.

तेव्हा यंदा मृगाच्या तोंडावर पिशवी फोडाल तेव्हा एक करा. शंभर दाणे मोजा, सोनाराच्या काट्यावर घाला. २० ग्रॅम भरले की ३५, ते पिशवीवरच लिहून ठेवा, आणि टोकण यंत्रवाला आला की यंत्र जोडण्याआधी त्याला तो आकडा दाखवा. लेप दिलेलं बी असेल, तर मोजून झाल्यावर हात साबणानं धुवा.