दालनातला पडदा
लेखमाला : वस्तुसंग्रहालयाची घडण – लेखांक ९

चित्रपटगृहात प्रेक्षक पडद्यासाठी येतो आणि बसून पाहतो. वस्तुसंग्रहालयात तो वस्तूसाठी येतो आणि उभ्याने पाहतो. नुसती वस्तू पाहून जे उमगत नाही, तेवढे दाखवून नजर पुन्हा वस्तूकडे वळवणे, हे दालनातल्या व्हिडिओचे काम.

मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीचे उदाहरण घेता येईल. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली, सुमारे ११ फूट उंचीची ही काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती मेहकरातच पूजेत राहिली. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असते. चार हातांत ही चार आयुधे २४ प्रकारे येऊ शकतात. केशव, नारायण, माधव अशी संध्येतली २४ नावे मूर्तींना या क्रमावरूनच मिळतात. पाटीवर हे लिहिले, तर नुसता तक्ता होतो. पडद्यावर मात्र मूर्तीची रेषाकृती उभी राहते, आयुधे या हातातून त्या हातात जातात आणि खालचे नाव बदलते. एवढे मिनिटभर पाहिलेला माणूस पुढच्या प्रत्येक विष्णुमूर्तीचे हात आपणहून न्याहाळू लागतो.

दालनातला व्हिडिओ दिवसभर फिरत राहतो आणि पाहणारा मध्येच कुठेतरी येऊन उभा राहतो. त्यामुळे लांबलचक श्रेयनामावली, प्रस्तावना यांना इथे जागा नाही. दीड-दोन मिनिटांचा तुकडा कुठूनही पाहिला तरी समजला पाहिजे. याहून लांब माहितीपट असेल, तर बाक हवा आणि सुरू होण्याची वेळ लिहिलेली हवी.

यानंतर उजेडाचा विचार. जुनी वस्त्रे आणि हस्तलिखिते साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात ठेवतात. शेजारी लखलखीत पडदा असला, की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पेटीतले हस्तलिखित काळोखे दिसते. म्हणून पडद्याची प्रखरता दालनाच्या बेताने उतरवावी लागते.

आवाजाचा त्रास सर्वांत जास्त पहारेकऱ्याला होतो, कारण तेच निवेदन तो दिवसभर ऐकत असतो. लहान दालनात कानाला लावून निवेदन ऐकायचा दांडा सोयीचा. ठसठशीत मराठी अक्षरांतला मजकूर पडद्यावर असला, तर ऐकू न येणाऱ्यांनाही विषय कळतो. पडदा फार उंच टांगू नये. लहान मुले आणि चाकाच्या खुर्चीतली माणसे यांची नजर तिथवर पोचली पाहिजे.

वीज जाऊन आली, की व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा, अशी जोडणी तालुक्याच्या गावी विशेष गरजेची. बंद पडलेला काळा पडदा दालनाची रया घालवतो.

काही ठिकाणी चलच्चित्र हीच जतन केलेली वस्तू असते. मुंबईत २०१९ मध्ये खुले झालेले भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय या प्रकारचे. अशा ठिकाणी मूळ रूप राखणे महत्त्वाचे. मूकपट बहुधा सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या वेगाने दाखवले जात. ते आजच्या २४ किंवा २५ चौकटींनी चालवले, तर माणसे धावपळ करताना दिसतात. जुन्या चित्राची ४:३ ही चौकट १६:९ च्या पडद्यावर ताणली, तर चेहरे रुंदावतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडणे, हाच तिथे योग्य उपाय.