जास्त खाण्यावर उपास हा उपाय नव्हे

कन्हान नदीकाठचं खापा हे विणकरांचं जुनं गाव. इथल्या कोष्टी घरांत हातमाग चालायचे, जवळच गुमगावची मँगनीज खाण, भोवताली शेती. दिवसभर मागावर हातपाय हलवणाऱ्याला किंवा खाणीत राबणाऱ्याला भरपेट जेवण लागायचंच, आणि घरची बाई त्याच हिशेबानं वाढायची. हातमाग घटले, बसून करायची कामं आली. ताटातला भात आणि भाजीवरची तर्री मात्र फारशी कमी झाली नाही. पंगतीत ‘एक पोळी तर घ्याच ना जी’ हा आग्रहही तसाच आहे. जास्त खाणाऱ्याला खादाड म्हणणं सोपं, पण त्याच्या हाताला ही सवय पिढ्यांनी लावलेली असते.

शरीराचंही काही गणित आहे. जठरात तयार होणारं घ्रेलिन भूक चेतवतं. चरबीतून येणारं लेप्टिन शरीरात साठा पुरेसा असल्याचं मेंदूला कळवतं. जेवताना पोट भरल्याचा निरोप पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. भराभर जेवणारा तेवढ्यात दोन पोळ्या जास्तीच्या खाऊन बसतो. पदार्थ कोणता, यानंही फरक पडतो. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं जेवण, दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

सर्वांत महत्त्वाचा मला मिनेसोटातला प्रयोग वाटतो. १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. नंतर अन्न मोकळं केल्यावर त्यांच्यातले काही पोट तुडुंब भरलं तरी थांबू शकेनात. आधी त्यांना अशी कुठलीही खोड नव्हती. ती उपासमारीनं लावली.

म्हणूनच आपल्याकडच्या एका लोकप्रिय उपायाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. नागपूर जिल्ह्याचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो महाराष्ट्रभर नेला. अनेकांना तो मानवलाही. पण ज्याचा खाण्यावरचा ताबाच सुटतो, त्याच्यासाठी लांबलेला उपास धोक्याचा आहे. दिवसभर कोरडं राहायचं, रात्री फराळाचा डबा रिकामा करायचा, लाजेपोटी दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहायचं, असं हे चक्र फिरत राहतं. ताबा सुटून खाण्याच्या विकारावरच्या मानसोपचारात ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी पहिली पायरी उलटी ठेवली आहे: तीन वेळा जेवण, मध्ये थोडं खाणं, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. काय खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं, हे त्याच वेळी वहीत लिहायचं. राग, एकटेपणा, कंटाळा यांचा माग त्यातूनच लागतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.

दिवाळीत चिवडा वाटीत काढून घ्यावा, डबा मांडीवर घेऊन बसू नये. पाहुण्यानं ‘पुरे’ म्हटलं की यजमानानं हात आवरावा. हा त्याच्या प्रकृतीचा मान आहे.

आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, ताबा सुटून खाल्लं जात असेल, लपून खावं लागत असेल आणि नंतर स्वतःची किळस येत असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेनं २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली आणि त्यावर उपचार आहेत. खाप्याहून नागपूर फार लांब नाही. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, मनोविकार विभाग आहे. घरातून निघणं जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.